तारिहाळचे तबक



प्रवासाहून परतलेला माणूस आपण काय काय पाहिले ते सांगू लागतो. कोणी किल्ले सांगतो, कोणी धबधबे, कोणी मोठमोठी मंदिरे. ज्या गावाविषयी आम्ही आज लिहीत आहोत तेथे यांपैकी काहीच नाही. तेथे आहेत कारखान्यांची धुराडी, मालमोटारींची रांग, काळ्या मातीची काही शेते आणि दारादारांतून ऐकू येणारा भाकरी थापल्याचा आवाज. तरीही गेल्या वर्षभरात आम्ही त्या गावी तीन वेळा जाऊन आलो. पहिल्या खेपेस घर आशीर्वादित करावयास गेलो होतो. उरलेल्या दोन खेपा आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीने आम्हांस घालावयास लावल्या. ती चूक येथे मोकळेपणाने सांगतो, कारण ती केवळ आमची आहे असे आम्हांस वाटत नाही.

गावाचे नाव तारिहाळ. कर्नाटकातील हुबळी शहराला लागून, गोकुळ रस्त्याच्या बाजूस ते आहे. मुंबईहून रात्रीची गाडी पकडावी. पुणे, मिरज, बेळगाव मागे टाकीत ती लोंढ्याच्या रानातून धारवाडास पोहोचते आणि मग थोड्याच वेळात हुबळी येते. हुबळीचा फलाट १,५०७ मीटर लांब आहे. मार्च २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले तेव्हा तो जगातील सर्वांत लांब फलाट ठरला. आमचा डबा नेमका एका टोकास थांबला, आणि हातात पिशवी घेऊन चालता चालता आमचा एका रहस्याचा जप पुरा झाला! १९५६ सालापर्यंत हा मुलूख मुंबई राज्यातच होता. हुबळी आणि धारवाड या दोन शहरांची १९६२ साली एक महानगरपालिका झाली. त्यामुळे मराठी माणसाला येथे अगदी परके वाटत नाही. बाजारात मराठी कळणारा कोणी ना कोणी भेटतोच. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे हे धारवाडचे. त्यांची घरची भाषा मराठी होती, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

धारवाड जिल्ह्याचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेस कलघटगीकडे मलनाडची हिरवी, पावसाळी जमीन आणि भाताची शेती. पूर्वेस नवलगुंदकडे काळ्या मातीचे मोकळे रान आणि त्यात ज्वारी, हरभरा, कापूस, मिरची. हुबळी या दोहोंच्या सीमेवर. तारिहाळात औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि जेथे नांगर चालत होता तेथे यंत्रे चालू लागली. आजही गावात शेते आहेत. परंतु काही शेतांच्या तीन बाजूंना भिंती आणि एका बाजूस आभाळ, अशी स्थिती आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण तेथील एका कारखान्यात नोकरीस लागला आणि लग्नानंतर सहाच महिन्यांत पत्नीसह तेथे राहावयास गेला. मुलगी वसईची, भातावर आणि मासळीवर वाढलेली. तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी करावी, ती आईने शिकविली होती. पण ज्वारीच्या पिठाला तिचा हात कधी लागला नव्हता. भाषा येईना, ओळख कोणाची नाही, नवरा पाळीवर गेला की दिवस खायला उठे. शेजारी तीन घरे होती. एक मंगळूरकडील कोंकणी भाषक कॅथलिक कुटुंब, एक मुसलमान कुटुंब, आणि समोर एका लिंगायत शेतकऱ्याचे जुने घर. त्या घरात एक अज्जी आहेत. अज्जी म्हणजे आजी. त्यांचे माहेर बेळगावकडचे असल्याने मराठी त्यांना समजे, मोडकेतोडके बोलताही येई.

उत्तर कर्नाटकात माणसे भेटली म्हणजे विचारतात, “ऊट आतेन्री?” म्हणजे, जेवण झाले का? अज्जींनी पहिल्याच दिवशी त्या मुलीला हे विचारले आणि तिला रडू कोसळले, असे तिनेच आम्हांस सांगितले. दुसऱ्या दिवशी अज्जींनी तिला आपल्या चुलीपाशी बसविले. ज्वारीच्या पिठात आधणाचे पाणी कसे घालावे, हात भाजू न देता ते कसे मळावे, गोळा परातीत थापून, फिरवून, कागदासारखा पातळ कसा करावा, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात कसा फिरवावा, हे सारे तिला त्या दाखवू लागल्या. तेथे दोन प्रकारची भाकरी करतात. एक मऊ, तव्यावरून थेट ताटात येणारी. आणि दुसरी कडक वाळविलेली, जी कित्येक दिवस टिकते आणि प्रवासात, शेतावर उपयोगी पडते. पावसाळाभर ही शाळा चालली. मुलीची भाकरी फाटावयाची आणि अज्जी हसावयाच्या.

मग आश्विन पौर्णिमा आली. आपल्याकडे ती कोजागिरी; तेथे तिला ‘शीगी हुण्णिमे’ म्हणतात. त्या दिवशी शेतकरी कुटुंबे नैवेद्याचे जेवण घेऊन शेतावर जातात. पीक पोटरीत येण्याच्या सुमारास धरणीमाता गर्भवती आहे असे मानून तिची ओटी भरतात. ते जणू तिचे डोहाळजेवणच. अज्जींनी समोरच्या जोडप्यास शेतावर येण्याचे आमंत्रण दिले. मुलीने आम्हांस दूरध्वनी करून विचारले, “फादर, जाऊ का? तेथे त्यांची पूजा असते.”

आम्ही त्या वेळी सणाच्या धावपळीत होतो. क्षणभरही विचार न करता आम्ही उत्तर दिले, “नको. टाळलेलेच बरे.”

त्यांनी आज्ञाधारकपणे टाळले. अज्जींनी शेतावरून आणलेले जेवण संध्याकाळी घरी पाठविले, तेही त्यांनी नम्रपणे परत केले. आमच्या शब्दाचा अर्थ त्यांनी त्याहूनही कडक घेतला होता. अज्जी काही बोलल्या नाहीत. परंतु भाकरीची शाळा बंद झाली. पुढे नाताळ आला. मुलीने मंगळूरच्या शेजारणीबरोबर बसून नेवऱ्या केल्या, किडयो केल्या, फुगे तळले. अज्जींच्या घरी अंडे चालत नाही हे लक्षात ठेवून त्यांच्यासाठी वेगळ्या नव्या भांड्यात, बिनअंड्याचे सारे पदार्थ केले. तबक भरले, त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि नाताळच्या सकाळी नातवाच्या हाती दिले. तासाभराने तबक परत आले. रुमालाची घडीदेखील मोडली नव्हती. नातू खाली मान घालून म्हणाला, “अज्जी म्हणते, आमच्या घरचे जे खात नाहीत त्यांच्या घरचे आम्ही कसे खावे?”

हे सारे आम्हांस कळले ते त्यानंतरच्या मे महिन्यात, पुनरुत्थानाच्या सणानंतर आम्ही त्यांचे घर आशीर्वादित करावयास प्रथम गेलो तेव्हा. मुलीने आमच्यासाठी भाकरी थापली. ती मधोमध फाटली. आम्ही सहज विनोद केला, “अजून जमत नाही वाटते?” तेव्हा ती तव्याकडे पाहात म्हणाली, “शिकणे अर्धेच राहिले, फादर.” आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. तिने आम्हांस दोष दिला नाही. म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला.

त्या रात्री उकाड्याने झोप येईना, आणि उकाड्याहून अधिक त्या फाटलेल्या भाकरीने. सेमिनरीत असताना आम्ही गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा अभ्यास केला होता. त्यात अंत्युखियातील एक प्रसंग आहे. संत पेत्र तेथे परजातीय बंधूंबरोबर एका पंक्तीस जेवत असे. यरुशलेमहून काही कडवे लोक आले, आणि ते काय म्हणतील या भीतीने पेत्र पंक्तीतून हळूच मागे सरला. त्याचे पाहून इतरही सरले. तेव्हा संत पौलाने सर्वांदेखत त्याला तोंडावर बोल लावला. ज्या पेत्राला याफो येथे घराच्या गच्चीवर दृष्टांत झाला होता, ज्याने कर्नेल्याच्या घरी पाऊल टाकून देव पक्षपाती नाही हे ओळखले होते, तोच पेत्र ताटावरून उठला! परीक्षेत आम्ही या उताऱ्यावर चांगले उत्तर लिहिले होते. परंतु आमच्या एका शब्दाने तारिहाळात एक पंक्ती मोडली, हे कळावयास एवढी वर्षे आणि एवढा प्रवास लागला.

मूर्तीस वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न करिंथच्या ख्रिस्ती लोकांनी पौलासही विचारला होता, आणि त्याचे उत्तर आमच्या उत्तरासारखे उतावळे नव्हते. त्याने दोन गोष्टी नीट वेगळ्या केल्या. देवाची उपासना ही एकाच देवाची. तेथे तडजोड नाही. परंतु शेजाऱ्याने जेवावयास बोलाविले आणि जावेसे वाटले, तर जावे, वाढलेले खावे, उगाच चौकशी करीत बसू नये. कारण पृथ्वी आणि तिच्यातील सारे प्रभूचेच आहे. जेथे एखाद्या दुर्बळ बंधूचे मन दुखावेल, तेथे मात्र प्रेमाखातर हात आवरावा. आम्ही या दोहोंचा गोंधळ केला होता. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तेतर धर्मांविषयी जाहीरनामा काढला. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तो जाहीरनामा आमच्या कपाटात आहे. कपाटात असणे निराळे आणि जिभेवर असणे निराळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रस्ता ओलांडून अज्जींच्या दारी गेलो. अज्जी कट्ट्यावर मिरच्यांचे देठ काढीत बसल्या होत्या. काय बोलावे याची आम्ही रात्रभर जुळवाजुळव केली होती, पण ऐन वेळी त्यातले काहीच आठवेना. आम्ही एवढेच म्हणालो, “अज्जी, भूक लागली आहे. एक भाकरी मिळेल का?”

अज्जींनी मान वर करून आमच्या झग्याकडे पाहिले, मग समोरच्या घराकडे पाहिले. त्या चतुर बाई, सारे समजल्या. त्यांनी विचारले, “स्वामी, तुम्हांला चालते?”

आम्ही म्हणालो, “चालत नव्हते, ती चूक माझी होती. त्या मुलीची नव्हे.”

त्या उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. वाचकहो, प्रभू येशू शोमरोनी स्त्रीशी बोलला तेव्हा त्याने आरंभ कशाने केला? उपदेशाने नव्हे, दानानेही नव्हे; त्याने तिच्याजवळ पाणी मागितले. जो जीवनाचे पाणी देणार, त्याने आधी ओंजळ पुढे केली. शुभवर्तमानात तो पुष्कळदा दुसऱ्याच्या घरचा पाहुणा आहे. मार्थेच्या, जक्कयाच्या, शिमोनाच्या. आम्ही धर्मगुरू आयुष्यभर देण्याची सवय करतो. मागण्याची सवय कोणी शिकवीत नाही.

त्या ताटात मऊ भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती, आणि ‘एण्णेगायी’ होती. शेंगदाणे, कारळे, तीळ, सुके खोबरे, चिंच आणि गूळ भरून तेलावर शिजविलेली ती छोटी वांगी म्हणजे आपली भरली वांगीच. अज्जींच्या मते असे जेवण जगात फक्त त्यांच्याच मुलखात मिळते. आम्ही त्यांचे म्हणणे खोडले नाही. परंतु जेवता जेवता मनात आले की या ताटात किती देशांचे पाहुणे बसले आहेत! ज्वारी मूळची आफ्रिकेची. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडाकडील. पोर्तुगीजांच्या काळात समुद्र ओलांडून आलेले. वांगे तेवढे आपल्या घरचे. धारवाडचा पेढा साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. तोही उत्तर प्रदेशातील उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने येथे प्रथम केला. प्लेगमुळे घर सोडून आलेली ती माणसे होती, असे सांगतात. आज ज्याला आपण अमक्या गावचा पदार्थ म्हणतो, तो पुष्कळदा कोणा काळी त्या गावचा पाहुणाच होता. गावाने त्याला घरात घेतले, म्हणून तो गावाचा झाला.

दुसऱ्या दिवसापासून भाकरीची शाळा पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी देवाणघेवाण दोन्हीकडून होऊ लागली. तो मिरचीचा मोसम होता. आपल्या गृहिणी जिला ‘बेडगी मिरची’ म्हणतात ती ब्याडगी गावची. हे गाव हुबळीच्या दक्षिणेस, हावेरी जिल्ह्यात आहे. ही मिरची सुरकुतलेली, रंगाने गडद तांबडी आणि तिखटपणाला बेताची असते. तिच्या ‘डब्बी’ आणि ‘कड्डी’ अशा दोन जाती आहेत. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातून काढलेला रंग ओठांस लावावयाच्या लालीतसुद्धा वापरतात, हे ऐकून अज्जींना हसू आवरेना. आमच्या मुलीने ठरविले की या वर्षीचा बाटली-मसाला तारिहाळातच करावयाचा. मिरच्या उन्हात कडकडीत वाळल्या, धणे, तीळ, खसखस, हळद असे एकेक जिन्नस वेगवेगळे भाजले गेले, आणि चारही घरांतील बाया कुटावयास बसल्या. शिंकांनी सारी आळी दुमदुमली. उजेडाने रंग उतरू नये म्हणून हा मसाला काळपट बाटल्यांत दाबून भरतात. चारही घरांत एकेक बाटली गेली. अज्जींच्या घरी तो वांग्यात पडला, मुसलमान शेजारणीच्या घरी रश्श्यात, आणि मंगळूरच्या बाईंनी चाखून सांगितले, “चांगला आहे, पण आमच्यासारखा नाही.” गृहिणींची ही मोकळी टीका ऐकून आमची खात्री पटली की मैत्री खरी आहे. परके लोक नुसती स्तुती करतात.

पाऊस पडला. श्रावणात नागपंचमी आली. त्या मुलखात पंचमीला तीळ, शेंगदाणे, रवा, बेसन अशा नाना तऱ्हांचे लाडू वळतात. त्यांना ‘उंडी’ म्हणतात. लेकी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधतात. आमच्या मुलीला माहेरी येता आले नाही, तेव्हा अज्जींनी तिला डबाभर उंड्या पाठविल्या आणि निरोप दिला की माहेर समोरच आहे.

८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मोत्सव. या वेळी आम्ही मुद्दाम सुट्टी काढून दुसऱ्यांदा गेलो. मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबे हा सण ‘मोंती फेस्त’ म्हणून मोठ्या भक्तीने पाळतात. आधीचे नऊ दिवस मुले पवित्र मातेला फुले वाहतात. सणाच्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या मंदिरात आशीर्वादित करून घरोघर नेतात. त्यांतील काही दाणे सोलून, कुटून दुधात किंवा पायसात घालतात आणि थोरांपासून लहानांपर्यंत सर्वांना वाटतात. हेच ते ‘नवे’. आपल्याकडे आगेऱ्याला जो भाव, तोच येथे. आणि एक विशेष असा की या दिवसाचे जेवण शाकाहारी असते: भाज्या, आमटी, भात, खीर. मंगळूरच्या बाईंनी अज्जींना बोलाविले. अज्जींनी दारातूनच विचारले, “अंडे?” उत्तर आले, “नाही.” “मासळी?” “आज नाही.” मग अज्जी आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. घरधन्याने नव्याचे दूध आधी कोणाला द्यावे? घरातील सर्वांत थोर माणसाला, असा नियम. त्या खोलीत सर्वांत थोर अज्जीच होत्या. पेला त्यांच्या हाती दिला गेला. त्या म्हणाल्या, “आम्हीही नवे धान्य असेच आधी देवाला देतो,” आणि पेला रिकामा केला.

आश्विन पौर्णिमेस आम्ही तिसऱ्यांदा गेलो. ज्या आमंत्रणाला नकार दिला होता, ते वर्षाने पुन्हा आले होते. सकाळीच चारही घरांत चुली पेटल्या होत्या. कडक भाकऱ्या, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, ज्याला तेथे ‘पुंडी पल्ये’ म्हणतात, एण्णेगायी, पुरणाचे कडबू, दहीभात, चटण्या, सारे टोपल्यांत भरले गेले. आमच्या मुलीची भाकरी त्या दिवशी अखंड उतरली. अज्जींनी ती हातात धरून उजेडाकडे पाहिली आणि काही न बोलता सर्वांत वर ठेवली.

शेत लहानसे, तीन बाजूंना कारखान्यांच्या भिंती. अज्जींच्या मुलाने पाच खडे मांडले. हे पाच पांडव. त्यांची व धरणीमातेची पूजा झाली. त्या वेळी आम्ही आणि आमची माणसे थोडे बाजूला, बांधावर उभे राहिलो. टोपी काढून, आदराने. मग साऱ्या पदार्थांचे थोडथोडे एकत्र कालवून एक जण शेतभर शिंपीत चालला आणि दुसरा त्याच्यामागून पाणी शिंपीत चालला. याला ‘चरग’ म्हणतात. पाखरांना, किड्यामुंग्यांना, ज्यांना बोलाविण्यास कोणी जात नाही त्या सर्वांना त्यात वाटा असतो. आम्हांस जुन्या करारातील तो नियम आठवला, ज्यात प्रभू आपल्या लोकांना सांगतो की शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेला सरवा गोळा करू नये. तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावा. रूथ ही विधवा परदेशीण अशाच सरव्यावर जगली, आणि तिच्याच वंशात पुढे दावीद राजा झाला.

जेवावयास बसण्यापूर्वी अज्जी आमच्याकडे वळून म्हणाल्या, “स्वामी, आमचे सांगून झाले. आता तुमच्या देवालाही सांगा. पुढल्या वर्षी हे शेत राहील की भिंत होईल, कोणास ठाऊक.” सारे स्तब्ध झाले. आम्ही क्रुसाची खूण केली आणि प्रभूने शिकविलेली प्रार्थना मराठीत म्हटली. रोजच्या भाकरीच्या मागणीपाशी आलो, तेव्हा आवाज जरा कापरा झाला. ही प्रार्थना आम्ही किती हजार वेळा म्हटली असेल! परंतु समोर उभे पीक, टोपलीत भाकरी आणि सभोवती ती थापणाऱ्या बाया असताना म्हणण्याचा प्रसंग प्रथमच आला. त्या प्रार्थनेत ‘माझी’ भाकरी नाही, ‘आमची’ आहे. त्या ‘आमची’त कोण कोण बसते, हे त्या बांधावर आम्हांस स्पष्ट दिसले.

मग आम्ही सर्व एका पंक्तीस बसून पोटभर जेवलो.

कोणी म्हणेल, फादर, उद्या आमची मुले सारे धर्म सारखेच म्हणू लागतील. भीती खोटी नाही, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. आमची मुलगी त्या दिवशी जशी बांधावर उभी होती तशीच उभी राहावी: पूजेच्या वेळी आपल्या जागी, आणि पंक्तीच्या वेळी सर्वांमध्ये. ज्याला आपली जागा पक्की ठाऊक आहे, त्याला शेजाऱ्याच्या ताटाची भीती वाटत नाही. बाराव्या शतकात या मुलखात महात्मा बसवण्णांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ शिकविला. म्हणजे श्रम करावा आणि श्रमाचे फळ नम्र सेवकभावाने वाटावे. हुबळीच्या सिद्धारूढ मठात आजही आल्यागेल्याला जेवण मिळते. हे पाहून आमची श्रद्धा कमी झाली नाही. उलट आम्हांस लाज वाटली, की ज्यांचा सारा धर्म एका भोजनाभोवती, वेदीवरील भाकरीभोवती उभा आहे, त्या आम्हांला कोणाबरोबर जेवावे हा प्रश्न पडावा!

हिवाळ्याची हकिगत आम्हांस पत्राने कळली, कारण नाताळात धर्मगुरूला आपला धर्मग्राम सोडता येत नाही. आगमनकाळात पुन्हा नेवऱ्यांचा घाट पडला. या वेळी अज्जी स्वतः पाट घेऊन येऊन बसल्या. करंजी पाहून त्या म्हणाल्या, “ही तर आमची कर्जीकाई!” कोंकणीत नेवरी, मराठीत करंजी, कन्नडात कर्जीकाई. तीन भाषांत नावे तीन. आत खोबरे आणि गूळ तेच, आणि कडा नीट दाबली नाही तर तिन्ही भाषांत ती तेलात फुटतेच. नाताळच्या सकाळी तबक भरले, तोच क्रोशाचा रुमाल घातला आणि त्याच नातवाच्या हाती ते समोर गेले. दुपारपर्यंत तबक आले नाही. मुलीच्या जिवाची घालमेल झाली. संध्याकाळी अज्जी स्वतः तबक घेऊन आल्या. त्यावर तिळाच्या उंड्या होत्या. उशिराचे कारण त्यांनी सांगितले, “रिकामे तबक परत कसे पाठवू? उंड्या वळावयास वेळ लागला.”

पुढे मुलीने लिहिले आहे की कोवळ्या ज्वारीचा हुरडा निघाला आहे. तेथे त्याला ‘सीतनी’ म्हणतात, आणि गोवऱ्यांच्या विस्तवाभोवती चारही घरांची मुले एकत्र बसून तो खातात. संक्रांतीला तिळगूळ देताना तेथेही हेच सांगतात, की तीळगूळ खाऊन चांगले बोला. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: “फादर, येत्या उपवासकाळात शुक्रवारी भाकरी आणि चटणी एवढेच खाणार आहोत. अज्जी म्हणतात, हा कसला उपवास, हे तर आमचे रोजचे जेवण!” या ओळीवर आम्ही पुष्कळ वेळ विचार करीत बसलो.

वाचकहो, आता आपल्या गावाकडे या. आपल्याही शेतांना भिंती येत आहेत. आपल्या वाडीच्या टोकाला नव्या इमारती झाल्या आहेत. त्यांत दूरदूरच्या मुलखांतून आलेली, आपली भाषा न येणारी कुटुंबे राहतात. त्यांतील एखादी नवी सून दुपारी एकटी बसून रडत असेल. नाताळाला आपण त्यांच्या घरी तबक पाठवितो, हे चांगलेच आहे. परंतु त्यांच्या सणाला त्यांच्या दारी जाऊन आपण कधी जेवलो का? दिलेले तबक परत येते तेव्हा त्यावर काय असते, याकडे कधी पाहिले का? देणारा हात नेहमी वर असतो. घेणारा खाली येतो. दोन्ही हात कधी वर, कधी खाली झाले, तरच शेजार होतो.

तारिहाळच्या अज्जी आता थकल्या आहेत. येत्या आश्विनात ते शेत असेल की नाही, आम्हांस ठाऊक नाही. आमंत्रण मात्र आले आहे, आणि या खेपेस आम्हांस कोणी विचारले नाही, जावे की नाही म्हणून. आम्ही जाणार आहोत. भाकरी थापावयास बसविले तर तीही शिकावी, असा मानस आहे. फाटली तर अज्जी हसतील. त्यांच्या हसण्यात आमच्या एका उतावळ्या शब्दाचे प्रायश्चित्त पुरे होईल.

प्रभू आपल्या सर्वांच्या चुली पेटत्या ठेवो, आणि त्यांच्यापाशी एका पाहुण्यापुरती जागा सदैव मोकळी ठेवो.